आधी भागाकार, मग सरासरी

अन्याय झाला तो रेजिना परेरा हिच्यावर. झाला तो परीक्षांच्या दिवसांतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, अंधेरीतल्या एका सरकारी ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर. मला ज्यांनी पत्रक लिहायला शिकवलं त्यांचा नियम होता: पहिल्या ओळीत कोणावर, दुसऱ्या ओळीत कधी, तिसऱ्या ओळीत कोणी. आजवर तिसऱ्या ओळीत मी साहेबांची नावं टाकली, कंत्राटदारांची टाकली. या वेळी तिसरी ओळ अशी: अन्याय केला तो सायली तावडे हिने. म्हणजे मी.

रेजिना, तुला जाऊन बारा दिवस झाले. चर्चमधल्या महिन्याच्या मिस्साला, तुझ्यासाठीच्या प्रार्थनेला, अजून वेळ आहे आणि तुझी भाची लॉरेन म्हणते की त्या दिवशी मी दोन शब्द बोलावेत. मी नाही बोलणार. उभ्याने बोलले की मी घोषणा देते, हे तूच सांगितलंस मला. म्हणून लिहिते.

तू पहिल्यांदा भेटलीस ती भांडायलाच. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडे वळायच्या अलीकडे आपला तो सिग्नल. मी तिथे पत्रकं वाटत होते. मथळा माझाच होता: ‘शेकडो नागरिक दररोज जीव मुठीत घेऊन रस्ता ओलांडतात!’ तू पत्रक घेतलंस, काठी काखेत धरलीस, चष्मा वर केलास आणि तिथेच उभी राहून अख्खं वाचलंस. पत्रक कोणी अख्खं वाचत नाही. मला बरं वाटलं. मग तू म्हणालीस,

“शेकडो म्हणजे किती गो?”

“खूप.”

“खूप म्हणजे किती? दोनशे? नऊशे? तू मोजलंस?”

“आंटी, त्यात मोजायचं काय? तुम्हाला दिसतंय ना समोर!”

“मला दिसतंय. साहेबाला नाही दिसत. त्याच्यासाठीच छापलंस ना? आणि आंटी नको. तुम्ही पण नको. आमच्या घरात देवाला तू म्हणतात. मी काय देवापेक्षा मोठी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तू तिथे हजर. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, काट्यांचं, जुनं, दाबलं की टक् आवाज करणारं. विक्रोळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मालाची मापं तपासलीस, निवृत्त झालीस तेव्हा साहेबाकडे घड्याळ मागून घेतलंस. लोक निवृत्त होताना गणपतीची चांदीची मूर्ती नाहीतर भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी जातात. तू खात्यातलं स्टॉपवॉच घेऊन आलीस. मी हसले तर म्हणालीस, “हस. पण सांग, सिग्नलमधला हिरवा माणूस किती सेकंद राहतो?”

मला माहीत नव्हतं. दोन महिने त्या सिग्नलवर आंदोलन करत होते आणि मला माहीत नव्हतं.

सोळा. तू सात वेळा मोजलंस. सोळा सेकंद. रस्ता चोवीस मीटर. तोही तू रविवारी सकाळी, गाड्या कमी असताना, शिंप्याच्या दोन टेपा गाठ मारून मोजलास आणि मला दुसरं टोक धरायला लावलंस. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, “मॅडम, रोड बेचना है क्या?” तू म्हणालीस, “लेगा? आधा देते.”

मला वाटलं, झालं. आता रस्ता ओलांडायला लोकांना किती वेळ लागतो ते मोजू. तू नाही म्हणालीस. “इथे माणूस चालत नाही बाय, पळतो. भीतीची चाल मोजायची नाही. कारखान्यात पण गरम लोखंड मोजत नाहीत, गार झाल्यावर मोजतात.” मग आपण बेकरीच्या पायरीपासून झेरॉक्सवाल्याच्या पाटीपर्यंतचं अंतर घेतलं, फुटपाथवरचं. तिथून लोक आपल्या खऱ्या चालीने जातात: पाव घेऊन, पोराचं बोट धरून, फोनवर बोलत. तू पायरीवर बसायचीस, टक् करायचीस, मी वहीत लिहायचे. किती सकाळी घालवल्या आपण तिथे! बेकरीवाल्याने शेवटी तुला खुर्ची दिली. मला नाही दिली. तू म्हणालीस, “तू आंदोलन करतेस, उभीच राहा.”

माझं काम घोषणेचं. मला एक आकडा हवा असतो. मोठा, जाड टायपात, पत्रकाच्या मधोमध. तुला आकडा दिला की तू अशी बघायचीस, जसं कोणी तुला एक बोल्ट दाखवून ‘माल चांगला आहे’ म्हणतंय. एकदा मी म्हटलं, “सगळ्यांची सरासरी काढून टाक ना, विषय संपेल.” तू म्हणालीस, “आमच्या खात्यात एक नवा साहेब आला होता. तो पण सरासरी बघायचा. सरासरी बोल्ट एकदम बरोबर मापाचा. पण नट काय सरासरीला बसतो? तो त्या एका बोल्टला बसतो. अर्धा माल परत आला.”

मग तू मला घरी नेऊन लॅपटॉप दाखवलास. लॉरेनचा जुना, दोन बटणं निघालेला. साठीनंतर तू त्याच्यावर संख्याशास्त्राचा एक फुकटातला प्रोग्रॅम शिकलीस, छापलेल्या मॅन्युअलच्या पानांना कपड्याच्या चिमट्याने धरून. मी वहीतले सगळे आकडे वाचले, तू टाइप केलेस आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव दिलंस: ‘चाल’. मग पडद्यावर एक चित्र उमटलं. मधे उंच, दोन्हीकडे उतरत गेलेलं. पुस्तकात याला वितरण म्हणतात. तू ढीग म्हणायचीस. “हा बघ ढीग. आपली सगळी माणसं यात आहेत. पाववाली, कॉलेजवाली, तो काखेत फाईल धरून जाणारा. कुणाला बाहेर ठेवलेलं नाही.”

मग तू एकच ओळ लिहिलीस: चोवीस भागिले चाल. मला वाटलं एक उत्तर येईल. दुसरा ढीग आला. आणि तो पहिल्यासारखा नव्हता. डावीकडे दाटलेला आणि उजवीकडे लांब शेपूट काढलेला.

“हा वाकडा का झाला?” मी विचारलं.

“मी मशीनला एक भागाकार सांगितला,” तू म्हणालीस. “त्याने तो प्रत्येकाला वेगवेगळा लावला. आता आला तो चालीचा ढीग नाही. हा वेळेचा ढीग. हळू माणसाला हा भागाकार फार लांब फेकतो गो.”

मला समजलं नाही. मग तू मला पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा सिग्नलवर नेलंस. माझी चाल काढली होतीस: सेकंदाला एक पॉइंट सहा मीटर. तुझी पॉइंट आठ, माझ्या बरोबर निम्मी. “आता तुझी नि माझी सरासरी काढ.” एक पॉइंट दोन. “रस्ता भागिले ती.” वीस सेकंद. “म्हणजे आपल्या दोघींना सरासरी वीस सेकंद लागायला पाहिजेत. हो ना? चल.”

रस्ता रिकामा होता. मी गेले. टक्. पंधरा सेकंद. मग तू आलीस, काठी टेकत, मधे एकदा थांबून पदर खोचत. तीस सेकंद. पलीकडच्या फुटपाथवर तू धापा टाकत उभी राहिलीस आणि तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू साहेबाच्या खिशातून काहीतरी काढून आणलंस.

“पंधरा आणि तीस. सरासरी किती?”

“साडेबावीस.”

“आणि मघाशी तुझी सरासरी वीस होती. हे अडीच सेकंद कुठून आले?”

मी बोटांवर पुन्हा हिशेब केला.

“तू माणसांना आधी मिसळलंस आणि मग रस्ता ओलांडायला लावलास. असं कोणी ओलांडतं का? रस्ता एकेकाने ओलांडायचा असतो. आधी भागाकार, मग सरासरी. उलट केलंस की हळू माणूस गायब होतो. हे अडीच सेकंद माझे आहेत बाय. मिसळताना तू माझे खाल्लेस.”

त्या दिवशी मला कळलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागेल. मला कळलं होतं.

मग शून्याचं भांडण. बेकरीच्या खुर्चीवरून तुला सिग्नलही दिसायचा. काही लोक कडेपर्यंत यायचे, हिरवा माणूस लागायचा, ते बघायचे, एक पाऊल टाकायचे, परत मागे. दोन-तीन सिग्नल गेले की वळून निघून जायचे. तू त्यांनाही वहीत घ्यायला लावलंस. चाल: शून्य.

आणि त्यात माझी आई निघाली. तिचा गुडघा गेल्यापासून ती समोरच्या दवाखान्यात जायला रिक्षा करते. रिक्षा पुढच्या वळणावरून फिरून येते आणि समोर उतरवते. रस्ता ओलांडायला रिक्षा! रिक्षावाले चेहरा वाकडा करतात, “सामने ही तो है, माताजी.” तू वहीत तिच्यापुढे शून्य टाकलंस आणि मी मूर्खासारखी घरी सांगून आले. आई देवगडची, ती कशाला ऐकून घेतेय? “माका शून्य म्हणता ती? थांब, येतंय मी!” आणि आली. बेकरीपाशी, पदर बांधून. तू खुर्ची सोडून उठलीस. पहिल्यांदाच. तिला बसवलंस आणि विचारलंस, “ताई, हिरवा माणूस किती वेळ थांबला तर तू चालत जाशील?” आईने विचार केला. “मोप वेळ थांबाक होयो. निदान देवाचा नाव घेऊन होईपर्यंत.” तू तिला नाव घ्यायला लावलंस आणि टक् केलंस. चौतीस सेकंद. आई रामरक्षेचे पहिले दोन-तीन श्लोक म्हणून मोकळी झाली.

“बघ,” तू मला म्हणालीस. “हे शून्य हिच्या पायात नाही. सिग्नलमध्ये आहे.”

तुझं म्हणणं स्पष्ट होतं. जे चालतात त्यांच्या वेळेच्या ढिगात बघायचं: शंभरातले पंचाण्णव न पळता पार होतील असा वेळ कोणता? पस्तीस सेकंद. शून्यवाल्यांना त्यात मिसळायचं नाही आणि खोडायचंही नाही. वेगळे मोजायचे आणि पत्रकात सगळ्यात वर लिहायचे: इतके जण येतच नाहीत. मी म्हटलं, “सोळाचे पस्तीस? दुपटीहून जास्त! कोण देईल? साहेब हसेल.” तू म्हणालीस, “हसू दे. माप बदलतं का त्याने?”

तू वसईला पुतणीच्या पोराच्या बाप्तिस्म्याला गेलीस, दोन दिवस. लॅपटॉप माझ्याकडे दिलास. पत्रकाचा मजकूर दुपारी चारपर्यंत छापखान्यात द्यायचा होता. मला मधोमध टाकायला एक आकडा हवा होता: सरासरी माणसाला लागणारा वेळ. तुझ्या पद्धतीने लिहिलं. आधी भागाकार, मग सरासरी. एंटर मारला. पडद्यावर उत्तर आलं: इन्फ.

मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा केलं. इन्फ. मग डोक्यात आलं, इन्फिनिटी. अनंत. यादीत शून्यं होती ना. चोवीस भागिले शून्य. आईला रस्ता ओलांडायला अनंत वेळ लागतो आणि अनंतात कोणाचाही आकडा मिळवला तरी सरासरी अनंतच राहते. मशीन बरोबर बोलत होतं. जी बाई कधीच पार होत नाही, तिचा वेळ दुसरा काय असणार?

पण ‘अनंत’ पत्रकात कसं छापायचं? तुला फोन लावला, बंद. चर्चमध्ये असशील. छापखान्यातून फोन, “मॅडम, देताय ना? प्लेट लावायचीय.” मी त्या ओळीतला कंस सरकवला. एवढंच केलं. सरासरी आधी, भागाकार नंतर. तेच शब्द, फक्त क्रम उलटा. आधी सगळ्यांना मिसळलं, मग चोवीसला भागलं. एंटर. वीस. गोल, स्वच्छ, जाड टायपात सुंदर दिसणारा वीस. शून्यं त्याच्या पोटात गुपचूप विरघळून गेली.

मी छापलं: ‘सरासरी नागरिकाला लागतात २० सेकंद, प्रशासन देतं फक्त १६! आमची मागणी: २० सेकंद!’ आणि सगळ्यात खाली, मान द्यायचा म्हणून: ‘गणित: रेजिना परेरा’.

तो मंगळवार आता सांगते. तू वसईहून थेट अंधेरीला आलीस, हातात बाप्तिस्म्याच्या केकचा डबा. पत्रक तू साहेबाच्या टेबलावरच पहिल्यांदा पाहिलंस. साहेब भला दिसणारा माणूस होता, त्याने पंखा तुझ्याकडे वळवला. म्हणाला, “मागणी रास्त आहे. वीस म्हणताय, वीस करून टाकू. एक सेकंद कमी नाही देणार.” त्याने सही केली. मग पत्रकाच्या तळाशी बोट ठेवून कौतुकाने म्हणाला, “आजींचं गणित पक्कं आहे हां.”

तू माझ्याकडे बघितलंस. साहेबाकडे नाही, माझ्याकडे. एकतीस वर्षांत ज्या बाईने एक वाकडा बोल्ट दाराबाहेर जाऊ दिला नाही, तिच्या नावाने एक वाकडा आकडा सरकारी फाईलमध्ये गेला होता आणि वर शाबासकी मिळाली होती. तू केकचा डबा मांडीवर घट्ट धरलास आणि साहेबाला म्हणालीस, “थँक्यू.”

खाली आल्यावर, गेटपाशी थांबलेल्या आमच्या आंदोलन समितीच्या बायकांनी घोषणा दिल्या. कोणी पेढे आणले. मीही ओरडले, रेजिना. जिंकलो होतो ना!

रिक्षात तू माझ्याकडून पत्रक घेऊन अख्खं वाचलंस. मग:

“माझं नाव कशाला घातलंस?”

“मान म्हणून.”

“मान.”

“सोळाचे वीस झाले ना गं! चार सेकंद मिळाले. असंच असतं चळवळीत, थोडं थोडं घ्यायचं.”

“कोणाला मिळाले चार? जे आधीच पार होत होते त्यांना. आता ते रमतगमत जातील. तुझा तो वीस सेकंदवाला माणूस मला दाखव एकदा. कुठे राहतो तो?”

“मग तिथे साहेबासमोर बोलायचं होतंस!”

“बोलले असते तर तुझी वाट लागली असती,” तू म्हणालीस आणि बाहेर बघत राहिलीस. उतरताना केकचा डबा माझ्या हातात दिलास. “आईला दे.”

सहा आठवडे आपण बोललो नाही; तुझा लॅपटॉपही मी लॉरेनच्या हाती परत पाठवला. मी का आले नाही ते सरळ सांगते. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी चिडते. घरी म्हणत होते, म्हाताऱ्या माणसांना सगळं बरोबरच हवं असतं, थोडं जिंकलेलं चालत नाही. तिकडे सिग्नलवर हिरवा माणूस आता वीस सेकंद जळत होता. निम्मे लोक मधल्या पट्ट्यापलीकडे धावत होते, तसेच. साहेबाच्या खात्याला मी पुन्हा अर्ज केला, तर उत्तर आलं: आपल्याच पत्रकातील मागणी मान्य झाली असून प्रकरण बंद करण्यात आले आहे. आपल्याच पत्रकातील! राग आला, सगळ्यांवर आला. तुझ्या घरी जायची वाट दहा मिनिटांची होती.

शेवटचं तुला पाहिलं ते त्याच सिग्नलवर. मी अलीकडे, चर्चच्या बाजूला; तू पलीकडे, चर्चकडे तोंड करून. हिरवा माणूस लागला. मला वाटलं तू येतेस. तू आली नाहीस. काठी खांबाला टेकवून तू हात वर केलास, हातात स्टॉपवॉच. मला वाटलं हाक मारतेस, नाहीतर दाखवतेस, बघ, वीस. मीही हात हलवला आणि मेट्रोकडे निघाले. ऑफिसला उशीर होत होता. म्हटलं, रविवारी जाते, काही झालं तरी रविवारी जाते.

तू शुक्रवारी गेलीस.

लॉरेनने लॅपटॉप मला दिला, चौथ्या दिवशी. “तुलाच कळेल यातलं,” म्हणाली. ‘चाल’ उघडलं. तू थांबली नव्हतीस, रेजिना. त्या मंगळवारनंतरही रोज सकाळी मोजत होतीस, एकटीच, वहीत लिहायला कोणी नसताना. आणि एक नवं नाव यादीत होतं. तुझं. दर सोमवारी स्वतःची चाल. पॉइंट आठ. पॉइंट आठ. पॉइंट सात. पॉइंट सहा. मग शून्य. शून्य. शेवटचं शून्य त्या दिवसाचं, ज्या दिवशी तू मला हात केलास. तू हाक मारत नव्हतीस. तू नोंद करत होतीस.

लॉरेन म्हणते की शेवटी तीन रविवार तू मिस्साला गेली नव्हतीस. घरच्यांना सांगितलंस पाय दुखतो. मला कळतं तू कुठे थांबत होतीस.

आता माझ्यातली पत्रकवाली उड्या मारते आहे. तिला लिहायचंय: सिग्नलने रेजिनाचा बळी घेतला. मी हे लिहिणार नाही. तुझं हृदय अशक्त होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. शून्याने माणूस मरतो हे मी मोजलेलं नाही. न मोजलेलं छापायचं नाही, हे तू मला त्या पहिल्या ‘शेकडो’पासून शिकवलंस. मी एवढंच लिहिते, जे तुझ्या यादीत आहे: तीन रविवार तुला चोवीस मीटरपलीकडे जायचं होतं आणि तू गेली नाहीस.

आणखी एक. त्या प्रोग्रॅममध्ये ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं. ती ओळ फक्त माणसासाठी असते. माझ्या उलट्या कंसाच्या वर तू तशी एक ओळ लिहून ठेवली होतीस: ‘सायलीने घाईत क्रम उलटा केला. तिला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी तिला मीच मशीनवर बसवते.’

इथे आपलं शेवटचं भांडण. तुझी ही ओळ चुकीची आहे. रविवारी, रिकाम्या रस्त्यावर, पंधरा आणि तीस, मला कळलं होतं. माझ्या पायांनी मोजून कळलं होतं. मला माहीत होतं आणि मी कंस सरकवला, कारण पत्रकात अनंत छापता येत नव्हतं. आयुष्यभर वाकडं माप पास केलं नाहीस, एक माझ्यासाठी केलंस. मी ते पास होऊ देणार नाही. काल तुझ्या ओळीखाली मी एक ओळ लिहिली, तीच खूण करून: ‘तिला माहीत होतं.’ आता ढीग बरोबर आहे.

मला तुझ्याकडून काय मिळालं ते सांगायला मला घोषणा सुचत नाही, म्हणजे बहुधा ते खरं असावं. मी आता ‘जनता’ असं लिहिताना थांबते. कोण, किती, कोणत्या चालीने, असं डोक्यात येतं. पूर्वी मी गर्दीसाठी भांडायचे. आता त्या ढिगाच्या लांब शेपटीच्या अगदी टोकाला एक बाई काठी टेकत येताना दिसते, मधे थांबून पदर खोचते, आणि मी तिच्यासाठी भांडते. भांडण सोपं नाही झालं. पण आता मला माहीत आहे ते कोणासाठी आहे. यासाठी आभार मानायचे असतात ना? मग मानते. तू म्हणशील, आभार किती? मोजले नाहीत गं.

नवा अर्ज तयार आहे. आकडा पस्तीस. त्याच्या वर, सगळ्यात आधी, जे येतच नाहीत त्यांची संख्या. खाली: ‘आधीच्या पत्रकातलं २० हे माप चुकीचं होतं. चूक सायली तावडे हिची. हे गणित रेजिना परेरा हिचं.’ आई सोमवारी माझ्याबरोबर साहेबाकडे येते आहे. म्हणते, “शून्य कसा दिसता ता बघांदे तेका.”

आता जे हे वाचत आहेत त्यांना. हळहळ नको, मिस्साला फुलं नकोत. या कागदाच्या मागे एक रिकामा तक्ता छापला आहे. उद्या सकाळी तुमच्या घराजवळच्या सिग्नलवर पंधरा मिनिटं उभे राहा. हिरवा माणूस किती सेकंद जळतो, ते लिहा. सगळ्यात हळू चालणाऱ्याला किती लागले, ते लिहा. सरासरी काढू नका, ती आम्ही काढू, शेवटी. आणि कडेला कोणी उभं राहिलं, हिरवा लागला, आणि ते माणूस गेलंच नाही, तर त्याच्यापुढे शून्य लिहा आणि जवळ जाऊन विचारा, किती वेळ मिळाला तर जाल. लांबून हात हलवून ऑफिसला निघून जाऊ नका.